कुरूप की चामखीळ?

तळपायाला टाचेशी किंवा चवड्याखाली कडक, खरबरीत गाठ आली आणि पाऊल टेकताच ती टोचू लागली, की बरेच जण तिला कुरूप समजून ब्लेडने तासायला बसतात. ती गाठ चामखीळ असेल तर हा उद्योग अंगाशी येतो. कारण कुरूप म्हणजे दाबाने निबर झालेले नुसते कातडे, तर चामखीळ हा ह्यूमन पॅपिलोमा विषाणूचा संसर्ग असून तासताना तो शेजारच्या त्वचेत पसरू शकतो. कुरूप सरळ दाबल्यावर जास्त दुखते, चामखीळ चिमटीत धरून बाजूंनी दाबल्यावर. तळव्यावरच्या बारीक रेषा चामखिळीपाशी तुटतात, आणि वरचा थर घासला की काळे ठिपके दिसू लागतात. त्यांना ‘मूळ’ समजून उकरणारे कमी नाहीत. प्रत्यक्षात ती रक्त गोठून बंद झालेल्या केशवाहिन्यांची टोके असतात.

हा विषाणू भिजून मऊ पडलेल्या त्वचेतील, डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगांतून शिरतो आणि गाठ दिसेपर्यंत अनेकदा काही महिने जातात. त्याचा मुक्काम त्वचेच्या बाह्य थरातच असतो. तो रक्तात उतरत नाही की फारसा दाह माजवत नाही, त्यामुळे प्रतिकारशक्तीला त्याचा सुगावा उशिरा लागतो. तो लागला की चामखीळ आपोआप विरते, मुलांमध्ये तर बहुधा दोनेक वर्षांत.

त्रास होत नसेल तर काहीच न करणे हाही उपचारच. करायचाच असेल, तर पाय कोमट पाण्यात पाच-दहा मिनिटे भिजवून, मऊ झालेला थर कानशीने हलकेच घासून, सॅलिसिलिक आम्लाचे औषध केवळ गाठीवर रोज लावावे. ती कानस दुसरीकडे वापरू नये. हा क्रम 12 आठवडेही चालवावा लागतो, आणि बहुतेकांचा धीर त्याआधीच सुटतो. उणे 196 अंशांच्या द्रव नायट्रोजनने गाठ गोठवण्याचा उपाय अधिक जालीम वाटतो खरा; पण ब्रिटन व आयर्लंडमध्ये 240 रुग्णांवर झालेल्या, 2011 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत 12 आठवड्यांनंतर आम्ल लावणाऱ्यांच्या आणि गाठ गोठवून घेतलेल्यांच्या, अशा दोन्ही गटांतील केवळ 14 टक्के रुग्ण पूर्ण बरे झाले होते. म्हणून आधी कमी वेदनेचा उपाय करून पाहणे मला रास्त वाटते.

मधुमेह असलेल्यांनी किंवा पायाची संवेदना वा रक्तपुरवठा कमी झालेल्यांनी मात्र हे आम्ल स्वतःहून लावू नये. भाजलेले त्यांना कळत नाही आणि जखम लवकर भरत नाही. गाठीतून रक्त येऊ लागले, तिचा रंग बदलला किंवा ती झपाट्याने वाढली, तर ती त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावी.