१५०च्या आतला धूर

गुजरातेत कारखान्यांच्या प्रदूषणाचं ऑडिट करणाऱ्याला निवडायचं कारखान्याने, आणि त्याची फीही कारखान्यानेच द्यायची, अशी पद्धत होती. चिमणीतून निघणाऱ्या कणांची मर्यादा घनमीटरला १५० मिलिग्रॅम. अहमदाबाद आणि सुरतेकडच्या कारखान्यांत २००९ पासून अभ्यासकांनी हे अहवाल पडताळले, तेव्हा कितीतरी आकडे १५०च्या जरासे खाली दाटीवाटीने बसलेले दिसले. ऑडिटरांच्या हिशेबाने मर्यादा ओलांडणारे कारखाने ७ टक्के. पुन्हा मोजलं तर ५९ टक्के.

मग काही कारखान्यांपुरती रीत बदलली. ऑडिटर चिठ्ठ्या टाकल्यासारखा नेमायचा, फी सामाईक निधीतून, आणि त्याने केलेली मोजणी दुसऱ्याकडून तपासून घ्यायची. अहवाल खरे होऊ लागले. त्याहून मोलाचं म्हणजे त्या कारखान्यांचं प्रदूषणही घटलं. कायदा तोच होता, मर्यादाही तीच.

सुरतेत २०१९ मध्ये पुढचं पाऊल पडलं. चिमण्यांवर सतत मोजणारी यंत्रं बसवली, एकूण कणांवर कमाल मर्यादा घातली आणि उत्सर्जनाचे परवाने कारखान्यांना आपसात विकायला मुभा दिली. या योजनेतल्या गिरण्यांचं कण-उत्सर्जन इतरांच्या तुलनेत २० ते ३० टक्क्यांनी कमी झालं. महाराष्ट्रात प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१७ मध्ये कारखान्यांना धुराच्या मोजणीवरून एक ते पाच तारे द्यायला सुरुवात केली. ते तारे कुणालाही पाहता येतील असे ठेवले.

पण धूर प्रत्यक्षात कमी होतो बॉयलरसमोर, आणि तिकडे आपलं लक्ष फार कमी जातं. कोळशाला हवा कमी पडली की तो अर्धवट जळतो, चिमणी काळी ओकते. हवा जास्त झाली तर उष्णता वर निघून जाते आणि राखही सोबत उडते. सायक्लोन नावाचं यंत्र धुराला गरागरा फिरवून जाड कण बाजूला काढतं, बारीक मात्र निसटतात. त्यांच्यासाठी बॅग फिल्टर, म्हणजे कापडी पिशव्या. धूर फार थंड झाला की पिशव्यांवर ओल धरते, राख लगद्यासारखी चिकटते आणि दाब वाढतो. अशा वेळी ज्याला कारण ठाऊक नाही तो बायपास उघडून मोकळा होतो. लाखोंचं यंत्र जागेवर असतं आणि धूर त्याला वळसा घालून जातो.

बॉयलर चालवायला प्रमाणपत्रधारक माणूस लागतो, हे १९२३च्या बॉयलर कायद्यापासून चालत आलं आहे. त्या कायद्याला (२०२५ मध्ये त्याची जागा नव्या बॉयलर कायद्याने घेतली) भीती स्फोटाची होती. फिल्टर सांभाळणाऱ्याला तो काही विचारत नव्हता. ही उणीव मला फार मोठी वाटते, कारण मापकावरचा दाब वाचून पिशव्या कधी झाडायच्या, कधी बदलायच्या हे शिकवायला काही आठवडे पुरावेत.

चिमणीवरच्या यंत्राचा आकडा आज मंडळाच्या आणि मालकाच्या पडद्यावर जातो. तोच आकडा बॉयलर-हाऊसच्या भिंतीवरही लावायला हवा. फावड्याने कोळसा टाकणारा माणूस सुरतेत ओडिशाचा असेल, नाहीतर आपल्या खानदेशचा. डँपर, म्हणजे हवेची झडप, जरा उघडल्यावर आकडा किती उतरला, हे त्याला तिथल्या तिथे दिसेल.