रन (इंग्रजी शब्द)

रन हा इंग्रजीतील तीन अक्षरांचा शब्द क्रियापद आणि नाम अशा दोन्ही नात्यांनी वापरला जातो. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी या कोशाच्या संपादकांनी सुधारित आवृत्तीसाठी त्याची नोंद नव्याने लिहिली, तेव्हा एकट्या क्रियापदाचे ६४५ अर्थ त्यांच्या हाती लागले. ही संख्या २०११ मध्ये जाहीर झाली. पीटर गिलिव्हर या कोशकाराने या एका नोंदीसाठी सुमारे नऊ महिने काम केले होते. त्याआधी कोशातील सर्वाधिक अर्थांचा मान सेट या शब्दाकडे होता. कोशाच्या १९८९ च्या वीस खंडी दुसऱ्या आवृत्तीत सेट या क्रियापदाचे ४३० हून अधिक अर्थ नोंदलेले असून ती त्या आवृत्तीतील सर्वांत लांब नोंद होती.

अशा आकड्यांकडे थोड्या सावधपणे पाहिले पाहिजे. दोन छटांना दोन अर्थ म्हणायचे की एकाच अर्थाचे दोन उपयोग, हे शेवटी कोशकार ठरवतो. वर्डनेट या संगणकीय शब्दकोशात रनचे क्रियापद म्हणून ४१ आणि नाम म्हणून १६ अर्थ आहेत, आणि त्याच कोशात ब्रेक या क्रियापदाचे अर्थ त्याहून जास्त, म्हणजे ५९ आहेत. शिवाय ऑक्सफर्डच्या कोशात सेट आणि रन यांची तुलना झाली तेव्हा एक नोंद जुनी होती आणि दुसरी नव्याने लिहिलेली. शर्यतीचा निकाल म्हणून हा आकडा फारसा टिकत नाही. मात्र एका शब्दावर भाषेने किती ओझे टाकले आहे, याची कल्पना त्यावरून येते.

या शब्दाचे मूळ जर्मानिक आहे. प्राचीन इंग्रजीत रिन्नान हे रूप होते आणि त्यातील ध्वनींची अदलाबदल होऊन बनलेले इर्नान हे रूप त्याहून अधिक प्रचलित होते. पुढे स्कँडिनेव्हियन लोकांच्या संपर्कामुळे त्यांच्या रिन्ना आणि रेन्ना या क्रियापदांनी मूळ रूपाला बळ दिले. रिन्ना म्हणजे आपण होऊन धावणे वा वाहणे, तर रेन्ना म्हणजे दुसऱ्याला वा दुसऱ्या वस्तूला धावायला, वाहायला लावणे. ही जोडी जर्मन भाषेत आजही वेगळी राहिली आहे: तिथे रिनेन म्हणजे पाण्यासारखे वाहणे आणि रेनेन म्हणजे धावणे. इंग्रजीत मात्र दोन्ही क्रियापदे एकमेकांत मिसळून गेली, आणि या शब्दाच्या अनेकार्थतेची मुळे बऱ्याच अंशी या मिसळणीत आहेत. वाहण्याचा अर्थ धावण्यावरून रूपकाने आलेला नाही, तो पहिल्यापासून बरोबरीने आहे. दूध साकळण्यासाठीही जुन्या इंग्रजीत हेच क्रियापद वापरत, आणि चीज करताना दूध फाडण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या रेनेट या पदार्थाच्या नावात ते शिल्लक राहिले आहे.

माणूस किंवा जनावर धावते, हा पहिला अर्थ सोपा आहे: चालताना एक पाय सतत जमिनीवर टेकलेला असतो, धावताना क्षणभर दोन्ही पाय हवेत असतात. त्याच्या शेजारी द्रवाचा अर्थ आहे. नदी, नळ, डोळे, नाक ही सगळी इंग्रजीत रन होतात, धुताना कपड्याचा रंग उतरून पसरतो तोही रन होतो. यापुढची पायरी अधिक विचार करण्याजोगी आहे. रस्ता डोंगराच्या कडेने, कुंपण शेताभोवती आणि सीमा दोन देशांमधून रन होते, पण यांतले काहीच जागचे हलत नाही. हलते ती पाहणाऱ्याची नजर. भाषाशास्त्रज्ञ याला काल्पनिक गती म्हणतात. मराठीतही रस्ता कुठून तरी कुठे तरी जातो, तेव्हा हे केवळ इंग्रजीचे वैशिष्ट्य नव्हे. लांबी जशी जागेत, तशी काळातही मोजता येते, म्हणून करार अमुक वर्षे आणि नाटक अमुक प्रयोग रन होते.

यंत्रयुगाने या शब्दाला सर्वाधिक काम दिले. गिरणी, इंजिन, घड्याळ आणि आगगाडी रन होऊ लागली. यंत्र चालवणाऱ्यावरून कारखाना चालवणाऱ्यापर्यंत अर्थ सरकला, आणि आता दुकान, संस्था, शाळा, अगदी देशही रन केला जातो. संगणकाचा प्रोग्रॅम रन होतो तो याच ओळीतला. या साऱ्या ठिकाणी धावणे हा मराठी प्रतिशब्द चालत नाही. तिथे चालणे आणि चालवणेच हवे. घड्याळ चालते, दुकान चालते, नाटक चालते, प्रोग्रॅम चालतो. शब्दकोशात रनसमोर पहिला अर्थ धावणे असा दिलेला असला, तरी रोजच्या वापरात त्याचा मराठीतला खरा जोडीदार चालणे हाच आहे. निवडणुकीच्या बाबतीत दोन्ही अपुरे पडतात: अमेरिकेतला उमेदवार पदासाठी रन करतो, ब्रिटनमधला मात्र उभा राहतो, आणि मराठी या बाबतीत ब्रिटनच्या बाजूने आहे.

खेळांत या शब्दाने मोजमापाचे एकक म्हणून जागा मिळवली. क्रिकेटमध्ये सुरुवातीला धावसंख्या लाकडी काठीवर खाचा पाडून ठेवत, त्यामुळे धावेला खाच या अर्थाचा नॉच हा शब्द होता आणि रन नंतर रूढ झाला. दोन्ही फलंदाजांनी २२ यार्डांच्या खेळपट्टीवर टोके बदलली की एक रन होतो. बेसबॉलमध्ये त्यासाठी प्रत्येकी ९० फुटांच्या चार बाजूंची पूर्ण फेरी लागते. क्रिकेटमध्ये चेंडू सीमापार गेला तर फलंदाज जागचा न हलताही चार रन मिळवतो, म्हणजे शब्दातले धावणे तिथे पुरते गळून पडले आहे. मराठीने याच अर्थासाठी धाव हे नाम घेतले आणि धावसंख्या, धावगती, धावबाद असा एक परिवारच उभा केला. विमानतळाची धावपट्टी त्याच घडणीची आहे.

बँकेवरचा रन हा नामाचा गंभीर अर्थ होय. बँक बुडेल या भीतीने ठेवीदार एकाच वेळी पैसे काढायला येतात आणि ठेवींचा मोठा भाग कर्जात गुंतलेला असल्याने धडधाकट बँकही त्यामुळे बुडू शकते. या यंत्रणेचे गणिती विवेचन डग्लस डायमंड आणि फिलिप डिबविग यांनी १९८३ मध्ये केले आणि २०२२ च्या अर्थशास्त्राच्या नोबेल पुरस्कारात ते वाटेकरी झाले. सप्टेंबर २००७ मध्ये ब्रिटनच्या नॉर्दर्न रॉक बँकेसमोर रांगा लागल्या होत्या. ९ मार्च २०२३ रोजी अमेरिकेच्या सिलिकॉन व्हॅली बँकेतून एका दिवसात सुमारे ४२ अब्ज डॉलर काढले गेले, तेही बहुतांशी संगणक आणि फोनवरून. धावले कोणीच नाही, नाव मात्र तेच राहिले.

किरकोळ अर्थांची तर गर्दी आहे: पायमोज्याची उसवत गेलेली वीण, पत्त्यांतला क्रम, वाद्यावर भरभर वाजवलेली सुरावट, कोंबड्यांचे कुंपण, बर्फावरची घसरण्याची वाट, एका वेळी छापलेल्या प्रतींची संख्या. बुल रन या जोडशब्दात तीन अर्थ एकत्र भेटतात. शेअर बाजारात तो दीर्घकाळ चाललेल्या तेजीचा काळ आहे. स्पेनमधील पाम्प्लोना शहरात जुलै महिन्यात लोक गल्ल्यांतून बैलांपुढे धावतात, त्या प्रथेलाही इंग्रजीत जवळपास हेच नाव आहे. अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यातील बुल रन हा मात्र एक ओढा असून त्याच्या काठी यादवी युद्धातील १८६१ आणि १८६२ च्या लढाया झाल्या; त्या नावात रनचा वाहत्या पाण्याचा जुना अर्थ जसाच्या तसा टिकला आहे.

लहान अव्यये जोडली की अर्थ आणखी फुटतात. रन आउट म्हणजे साठा संपणे, बाहेर धावत जाणे आणि फलंदाज धावबाद होणे. रन इनटू म्हणजे अचानक भेटणे किंवा आदळणे. रन डाउन म्हणजे वाहनाने धडक देऊन पाडणे, निंदा करणे किंवा बॅटरी उतरणे. इंग्रजी शिकणाऱ्याची खरी दमछाक इथे होते, कारण घटकांचे अर्थ ठाऊक असूनही जोडीचा अर्थ हाती येतोच असे नाही.

एका शब्दाच्या परस्परसंबद्ध अनेक अर्थांसाठी पॉलिसेमी ही संज्ञा फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ मिशेल ब्रेआल यांनी १८९७ मध्ये रूढ केली. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ जॉर्ज किंग्सली झिफ यांनी १९४५ मध्ये असे दाखवले की शब्द जितका जास्त वापरला जातो तितके त्याचे अर्थ वाढतात, आणि ही वाढ ढोबळपणे वापराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असते. अर्थ खरोखर वेगळे आहेत का, हे तपासण्यासाठी एक जुनी युक्ती आहे: दोन्ही उपयोग एकाच क्रियापदाखाली आणायचे. ‘तो रोज पाच किलोमीटर आणि एक उपाहारगृह रन करतो’ हे इंग्रजी वाक्य व्याकरणाने चुकत नाही, तरी ऐकणाऱ्याला हसू येते. बोलण्याच्या ओघात मात्र असा गोंधळ क्वचितच होतो, कारण कर्ता आणि कर्म कानावर पडताच बाकीचे शेकडो अर्थ ऐकणाऱ्याच्या मनात उमटतही नाहीत.