बकलर बुडवणारा माणूस

३१ डिसेंबर १९८९ची रात्र. नेदरलँड्समध्ये घरोघरी ओलीबोलन तळून झालेत. ओलीबोलन म्हणजे पिठीसाखर भुरभुरलेले तळलेले गोळे. मंडळी टीव्हीसमोर बसलीत आणि पडद्यावर पस्तिशीचा कॅबरे कलाकार यूप फान ट हेक एकटाच बोलतोय. बोलता बोलता तो बारमधल्या एका विशिष्ट माणसावर घसरतो. वय चाळिशीच्या आसपास, हातात गाडीच्या किल्ल्या, आणि पितोय काय, तर बकलर! हाइनेकेनने ही जवळजवळ बिनअल्कोहोलची बिअर १९८८ मध्ये आणली होती. असल्यांनी चर्चमध्ये जाऊन काय ते प्यावं, आम्हाला इथे सुखाने ढोसू द्यावं, असा यूपचा सूर. मधे एक सणसणीत शिवीही.

मजकूर मिनिटभराचाही नसेल. पण त्यानंतर चारचौघांत बकलर मागवणं म्हणजे स्वतःचं हसं करून घेणं झालं. खप घसरत गेला आणि १९९३ मध्ये हाइनेकेनने ही बिअर मायदेशातल्या बाजारातून काढून घेतली. डच भाषेत ‘बकलर इफेक्ट’ असा शब्दप्रयोगच रुळला.

विनोद फार थोर होता असं मला वाटत नाही. यूपने याहून कितीतरी चांगलं लिहिलंय. पण तो ज्या रात्री झाला त्या रात्रीची पुण्याई मोठी होती, आणि ती यूपच्या आधीच्यांनी जमवलेली होती.

कॅबरे म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर हिंदी सिनेमातला नाच येतो. डच कॅबरेत नाच जवळजवळ नसतोच. एक माणूस, फार तर एक पियानो, थोडी गाणी आणि भरपूर बोलणं. एकपात्री म्हटलं तरी चालेल, फक्त राजकारणाची आणि टवाळीची फोडणी जास्त. याचं मूळ पॅरिसमधलं. मुलँ रूजमध्ये पियानो वाजवून परतलेल्या एदुआर्द याकोब्सने १८९५ मध्ये अॅमस्टरडॅमच्या ‘द पैप’ वस्तीत एका मागच्या खोलीत वेश्या, दलाल आणि ढोंगी सभ्य गृहस्थ यांच्यावरची गाणी म्हणायला सुरुवात केली. तिथून ही परंपरा मोजतात.

त्यानंतरचं मोठं नाव जाँ-लुई पिझ्वीस. हा मुळात वार्ताहर, ‘आल्खेमीन हांडल्सब्लाड’ या दैनिकाचा. १९०७ मध्ये तो आणि त्याचा सहकारी माक्स ब्लोकझाइल इटालियन रस्तागायकांचं सोंग घेऊन गावोगाव हिंडले आणि लोक भिकाऱ्याशी कसे वागतात ते वर्तमानपत्रात लिहून काढलं. बातमीसाठी घेतलेलं सोंग पिझ्वीसच्या अंगाला चिकटलं आणि तो कॅबरेचाच झाला. पुढची गोष्ट मात्र काळीकुट्ट आहे. १९२७ मध्ये अॅमस्टरडॅमच्या रेम्ब्रांट चौकात त्याला आणि त्याच्या बायकोला तिच्या माजी प्रियकराने गोळ्या घातल्या. ब्लोकझाइल नाझींचा रेडिओ प्रचारक बनला आणि १९४६ मध्ये त्याला मृत्युदंड झाला.

पिझ्वीसचं ते दैनिक १९७० मध्ये रॉटरडॅमच्या दुसऱ्या एका दैनिकात विलीन होऊन ‘एनआरसी हांडल्सब्लाड’ झालं. याच एनआरसीत यूप फान ट हेकने अनेक वर्षं दर शनिवारी स्तंभ लिहिला. योगायोग म्हणा हवं तर. पण तिथे रंगमंच आणि छापखाना यांच्यात पहिल्यापासूनच सोयरीक आहे. यूपचा स्तंभ वाचताना माणूस बोलतोय असंच वाटतं, आणि त्याच्या प्रयोगात अर्धा वेळ आठवड्याच्या बातम्यांचा समाचार घेतला जातो.

आता ती ३१ डिसेंबरची रात्र. ती घडवली विम कानने. १९११ साली जन्मलेला हा माणूस एका मंत्र्याचा मुलगा. वडील विसाच्या दशकात गृहमंत्री होते. बायको कॉरी फोंकबरोबर तो दौऱ्यासाठी डच ईस्ट इंडीजला, म्हणजे आजच्या इंडोनेशियाला गेला आणि महायुद्धात तिथेच अडकला. जपान्यांनी त्याला बर्मा रेल्वेच्या कामाला जुंपलं. कॉरी बायकांच्या छावणीत. दोघांनीही कैदेत असताना कार्यक्रम केले. १९७१ मध्ये जपानचे सम्राट हिरोहितो नेदरलँड्सला आले तेव्हा कानने जाहीर निषेध केला; हसवणाऱ्या माणसाच्या आवाजातली ती धार लोकांना नवी होती.

१९५४च्या ३१ डिसेंबरला कानने रेडिओवर सरत्या वर्षाचा आढावा घेतला. डच लोक याला ‘आउदेयार्सकॉन्फेरान्स’ म्हणतात. त्या काळी कॅथलिक, प्रोटेस्टंट आणि समाजवादी यांच्या शाळा वेगळ्या, वर्तमानपत्रं वेगळी, रेडिओ संस्थासुद्धा वेगळ्या. कानचे चिमटे मात्र सगळ्या घरांत पोचले. टीव्हीला तो घाबरायचा. नाही-होय करत १९७३ मध्ये पहिल्यांदा पडद्यावर आला, तो तेलटंचाईचा आणि रविवारी गाड्या बंद असण्याचा हिवाळा. त्याची टवाळी मंत्र्यांची असायची, आणि मंत्री ती मानाने झेलायचे. अशा टवाळीने कुणाचं सरकार पडत नाही.

१९८३ मध्ये कान वारला. त्याच्या आधीच्याच वर्षी फ्रेक द योंगे या रात्रीत उतरला होता. हा पाद्र्याचा मुलगा. ब्राम फर्म्युलनबरोबरच्या ‘नेर्लंड्स होप’ या जोडीने १९७८ मध्ये लष्करशहांच्या अर्जेंटिनात फुटबॉल विश्वचषक खेळायला जाऊ नका म्हणून देशभर मोहीम काढली होती. संघ गेलाच. पण कॅबरेवाला राग धरू शकतो हे यातून प्रेक्षकांना कळलं.

यूप या दोघांनंतरचा. जन्म १९५४, गाव नार्डेन. अॅमस्टरडॅमजवळच्या ‘खोय’ भागातलं. बंगले, हॉकीची मैदानं, सुखवस्तू माणसं. त्याचा भाऊ टॉम देशाकडून हॉकी खेळला आणि नंतर महिला संघाचा प्रशिक्षक झाला. यूपने १९७३ मध्ये ‘नार’ नावाच्या गटातून सुरुवात केली. नार म्हणजे विदूषक. पुढे एकट्याने प्रयोग. त्याचं ‘फ्लापी’ हे गाणं आजही दर नाताळात वाजतं. १९६१च्या नाताळच्या सकाळी पोराचा ससा पिंजऱ्यातून गायब आहे आणि आई त्याला बागेतल्या खोपटात जाऊ देत नाही. ससा जेवणाच्या ताटात सापडतो. दुसऱ्या दिवशी बाबा गायब असतात, आणि आता पोरगा आईला सांगतो, खोपटात जाऊ नकोस. गोड चालीवर हे सगळं!

विम कानने मंत्र्यांना हसवलं, फ्रेकने सत्तेवर राग काढला. यूपने तिकीट काढून समोर बसलेल्या माणसालाच पकडलं. त्याचं हप्त्यांवरचं घर, त्याची गाडी, त्याचं थकलेलं लग्न, उद्या जगू म्हणत ढकललेलं आयुष्य. मंत्री टीका मनावर घेत नाही, शेजारी घेतो. बकलर पिणारा हा असाच शेजारी होता, म्हणून घाव बसला. कंपनी मधे सापडली.

२०१०मध्ये हेच पुन्हा घडलं, या वेळी ट्विटरवर. मुलाच्या मोबाइलच्या तक्रारीवरून टी-मोबाइलने केलेल्या टोलवाटोलवीबद्दल यूपने तोंड उघडलं, आणि त्याच्याकडे लोकांच्या तक्रारींचा पूर लोटला. त्यातून त्याने ग्राहकसेवा या विषयावर एक अख्खं मासिक काढलं, एकाच अंकाचं. काहींना तेव्हा प्रश्न पडला, की ज्याच्यामागे लाखो लोक आहेत तो हेल्पलाइनवर ताटकळलेला सामान्य ग्राहक कसा? प्रश्न रास्त आहे. टवाळखोर स्वतःच बडा झाला की त्याच्या दगडाचं वजन बदलतं.

३१ डिसेंबरची रात्र त्याने १९८९ नंतर दर काही वर्षांनी घेतली, २०२० पर्यंत. मधल्या वर्षी इतरांना मोकळी सोडली. आता त्या रात्री वेगवेगळ्या वाहिन्यांवर वेगवेगळे कलाकार असतात आणि सगळा देश एकच विनोद ऐकतो असं राहिलेलं नाही.

बकलर परदेशात विकली जात राहिली. हाइनेकेनने स्वतःच्या मुख्य नावाने बिनअल्कोहोलची बिअर आणली ती २०१७ मध्ये. ‘०.०’ असं ठळक छापलेली ती बाटली हातात घेऊन आज अॅमस्टरडॅमच्या बारमध्ये चाळिशीचे पुरुष निवांत उभे असतात, गाडीच्या किल्ल्यांसकट.