लाईट बंद कर म्हणण्याआधी मुलांना मीटर दाखवा

आमच्या घरात "लाईट बंद कर" हे वाक्य दिवसातून वीसेक वेळा तरी ऐकू येतं आणि उपयोग शून्य, कारण सहा वर्षांच्या पोरीला वीज दिसतच नाही ना, बटण दाबलं की उजेड येतो, विषय संपला. म्हणून एका रविवारी तिला घेऊन खाली मीटरपाशी गेलो. (पहिली पाच मिनिटं आम्ही शेजारच्यांचाच मीटर बघत होतो, ते जाऊ दे.)

डिजिटल मीटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकत असतो. आमच्या मीटरवर ३२०० असा आकडा छापलाय, म्हणजे एक युनिट वीज खर्च झाली की तो दिवा ३२०० वेळा लुकलुकतो. बायकोला फोन करून घरातलं सगळं बंद करायला लावलं, अगदी फ्रिजसुद्धा, आणि हॉलमधला ९ वॅटचा एलईडी बल्ब तेवढा चालू ठेवला. हिशोबाने दोन मिनिटांत एकदा लुकलुक व्हायला हवी, पण तेवढा धीर कुठला, "बाबा, हा बंद पडलाय" म्हणून ती निघालीच होती. मग २००० वॅटचा गीझर लावायला सांगितला आणि तो दिवा जो सुटला, सहाएक सेकंदात दहा वेळा! पोरगी मोजता मोजता चुकली, परत मोजलं, परत चुकली, वर यायलाच तयार नाही.

घरी आल्यावर मी गणित मांडलं, ते मात्र माझ्यासाठी. १५ लिटरची बादली २० अंशांनी तापवायला साधारण ०.३५ युनिट लागतं. तेवढ्या विजेवर हॉलमधला बल्ब ३८-३९ तास चालतो. म्हणजे आपण पोरांच्या मागे लागणार बल्बसाठी आणि स्वतः गीझर लावून मोबाईल बघत बसणार. पाणी मुळात तापायला फार आळशी, तेवढ्याच वजनाचं तेल तेवढंच तापवायला साधारण निम्मी उष्णता पुरते. त्यामुळे गरम पाण्याचे दोन तांबे कमी घेतले तर पाणी वाचतंच, आणि वीज बल्बपेक्षा कितीतरी जास्त वाचते.

पाण्याचं शिकवणं जरा वेगळं. "बारा लिटर वाया गेलं" म्हटलं तर लहान मुलांना काही बोध होत नाही. स्विस मानसशास्त्रज्ञ झ्यां पियाजे यांचा यावर फेमस प्रयोग आहे, मुलासमोरच रुंद ग्लासातलं पाणी उंच, अरुंद ग्लासात ओतायचं आणि विचारायचं, आता जास्त कशात? साधारण सहा-सात वर्षांपर्यंतची बरीच मुलं उंच ग्लासाकडे बोट दाखवतात, पाणी तेच आहे हे डोळ्यांसमोर बघूनसुद्धा. म्हणून माप एकच ठेवायचं. आमचं माप म्हणजे एक लिटरचा तांब्या. मी मुद्दाम नळ चालू ठेवून दोन मिनिटं ब्रश केला, खाली टब ठेवला होता, आणि मग तिने एकेक तांब्या उपसून गॅलरीतल्या कुंड्यांना घातला. बारा तांबे झाले. कुंड्या संपल्या तरी पाणी उरलं. मगमध्ये पाणी घेऊन ब्रश केला तर अर्धा तांब्या पुष्कळ होतो.

त्यानंतर मॅडम घरभर तपासणी करत सुटल्या. बेसिनचा नळ ठिबकत होता, दोन-अडीच सेकंदाला एक थेंब, मोठी माणसं बघूनही न बघितल्यासारखं करतात तसलं. तिने खाली पेला ठेवला, २०० मिलीचा, तो चाळीस मिनिटांत भरला. म्हणजे दिवसाला सात लिटर, महिन्याला चौदा बादल्या! आजोबांना हे सांगितल्यावर ते त्याच दिवशी वॉशर घेऊन आले आणि स्वतः बसवला.

संध्याकाळी बघतो तर ही परत पेला लावून बेसिनपाशी उभी, तोंड पाडून. "आजोबा, आता मी मोजू काय?"