जुव्यावरचा पैदाशीचा बोकड विकताना आणि पलीकडे नेताना: पात्रता, कागदपत्रे आणि अडणाऱ्या जागा

कोकणातील खाड्यांमध्ये असलेल्या जुव्यांवर, म्हणजे चहूबाजूंनी पाणी असलेल्या लहान बेटांवर, पाळलेल्या शेळ्यांच्या कळपात बाहेरचे रक्त क्वचितच मिसळते. त्यामुळे तेथील चांगला बोकड दोन वर्षांनंतर त्याच कळपात ठेवणे योग्य नसते, कारण तोपर्यंत त्याच्याच पाठी, म्हणजे मादी करडे, माजावर येऊ लागतात. मात्र तोच बोकड किनाऱ्यावरच्या दुसऱ्या कळपासाठी मोलाचा ठरतो. अशा विक्रीत भाव ठरायला एक सकाळ पुरते आणि कागदपत्रांसाठी महिना जातो. बहुतेक पशुपालक नेमके याच्या उलट धरून चालतात व धक्क्यावरून बोकड परत घेऊन येतात. येथे दिलेली माहिती बोकडाला धरून असली, तरी घाटावरून आणलेला मेंढा विकायचा असल्यास नियम हेच आहेत.

पात्रतेविषयी फार लिहिण्याची गरज नाही. पैदाशीसाठी विकायचा नर साधारण दीड वर्षाचा, किमान दोन दाती (दुधाचे दोन दात पडून कायमचे आलेला), दोन्ही वृषण सारख्या आकाराचे व खाली उतरलेले, आणि शक्यतो जुळ्यातील असावा. कोकण कन्याळ म्हणून विकणार असाल, तर नाकपुडीपासून कानापर्यंत जाणारे पांढरे पट्टे आणि पांढऱ्या कडांचे काळे कान खरेदीदार पाहणारच. ही लक्षणे नसलेल्या बोकडाला त्या जातीचे नाव लावू नये.

पहिली अडचण कानातील बिल्ल्याची आहे. महाराष्ट्रात 1 जून 2024 पासून बिल्ला नसलेल्या जनावराची खरेदी-विक्री करता येत नाही, हे आता सर्वांना ठाऊक झाले आहे. तथापि बिल्ला कानात असणे आणि त्यावरील बारा अंकी क्रमांक जनावरांच्या नोंदीच्या ‘भारत पशुधन’ या ऑनलाइन प्रणालीत विकणाऱ्याच्याच नावावर असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आमच्याकडील घरांची रीत अशी, की जनावरे आजी सांभाळते, बिल्ला मारला तेव्हा नाव आजोबांचे सांगितलेले असते आणि मोबाइल क्रमांक मुंबईला नोकरी करणाऱ्या मुलाचा दिलेला असतो. पुढे आजोबा वारतात, मुलाचा क्रमांक बदलतो, आणि विक्रीच्या दिवशी नोंद बदलण्यासाठीचा ओटीपी कोणाच्या मोबाइलवर जातो हे कोणालाच सांगता येत नाही. गेल्या वर्षी एका आजींचा बोकड याच कारणाने दोन वेळा होडीतून परत आला. एका दवाखान्यात त्यांना “मालकाला घेऊन या” असे सांगण्यात आले, तेव्हा मालक त्यांचे दिवंगत यजमान होते. नोंद कशी दुरुस्त करायची, हे एका वाक्यात सांगणे तेथील कोणालाही अशक्य नव्हते. ते सांगितले गेले नाही, याची चीड अजून जात नाही. म्हणून गिऱ्हाईक शोधण्यापूर्वीच आपल्या भागातील पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन क्रमांक कोणाच्या नावावर आहे ते पाहून घ्यावे, आणि नाव बदलायचे असल्यास मृत्यूचा दाखला, आपले आधार कार्ड व स्वतःजवळ असलेला चालू मोबाइल सोबत न्यावा. ग्रामपंचायतीकडून विक्रीचा दाखला घ्याल, त्यावरही हाच बारा अंकी क्रमांक लिहिलेला आहे याची खात्री करावी. एक अंक चुकला तरी दाखला निरुपयोगी होतो.

दुसरी अडचण लसीकरणाच्या तारखेची आहे. पीपीआर या शेळ्या-मेंढ्यांच्या संसर्गजन्य रोगाची लस टोचली की लगेच वाहतुकीसाठीचे आरोग्य प्रमाणपत्र मिळेल, अशा समजुतीने लोक दोन्ही कामे एकाच दिवशी काढतात. लस टोचल्यानंतर अंगात प्रतिकारशक्ती तयार व्हायला दोन ते तीन आठवडे लागतात, आणि एकाकी कळपातील बोकड पूर्वी कधीच त्या रोगाच्या संपर्कात आलेला नसल्याने नव्या गोठ्यात तो इतरांपेक्षा लवकर आजारी पडू शकतो. यासाठी पीपीआर आणि आंत्रविषार या आतड्यांच्या रोगाच्या लसी निघण्याच्या किमान तीन आठवडे आधी झालेल्या असाव्यात आणि त्यांची नोंद बिल्ल्याच्या क्रमांकासमोर झालेली असावी.

पैदाशीच्या नरासाठी जाणता खरेदीदार ब्रुसेलोसिसची रक्ततपासणीही मागतो आणि ती मागणी रास्त आहे, कारण हा रोग एका नरामार्फत संपूर्ण कळपात गर्भपात घडवू शकतो व माणसालाही होतो. जुव्यावरून नमुना पाठवताना मासळीच्या पेटीतील बर्फ हाताशी असतो, म्हणून रक्ताची बाटली काढल्या काढल्या त्यात खोचली जाते आणि नमुना बिघडतो. रक्त आधी सावलीत स्थिर ठेवून गोठू द्यावे, वर सीरम, म्हणजे पिवळसर पाणी, सुटल्यावरच ते थंड करावे, आणि बाटली बर्फाला थेट टेकू देऊ नये.

तिसरी अडचण आरोग्य प्रमाणपत्रावरील सहीची आहे. जुव्याच्या जवळच्या दवाखान्यात अनेकदा पशुधन पर्यवेक्षकच भेटतात. ते आपल्या जनावरांसाठी मनापासून धावपळ करतात, पण भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, 1984 नुसार असे प्रमाणपत्र नोंदणीकृत पशुवैद्यकानेच सही करून द्यायचे असते. पर्यवेक्षकांच्या सहीचा कागद वाटेत अडवला गेला, तर त्यांचाही नाइलाज असतो. नोंदणीकृत पशुवैद्यक असलेले पशुधन विकास अधिकारी कोणत्या वारी उपलब्ध असतात हे आधी विचारून ठेवावे.

प्राणी वाहतूक नियम, 1978 मधील शेळ्या-मेंढ्यांचे प्रकरण सहा तासांहून अधिक प्रवासाला लागू होते, हे वाक्य वाचून “आमचा प्रवास दोनच तासांचा आहे” असे सांगणारे पुष्कळ भेटतात. पण 2001 च्या दुरुस्तीने जोडलेल्या सर्वसाधारण अटींमध्ये नेण्यापूर्वी जनावराची पशुवैद्यकाकडून तपासणी अपेक्षित आहे, आणि बिल्ल्याचा नियम तर अंतर पाहतच नाही. मालवणहून कुडाळला न्यायचे असले तरी कागद सोबत ठेवावेत. मुंबईकडे न्यायचे असल्यास विकणारा व घेणारा यांची नावे, पत्ते व दूरध्वनी क्रमांक लाल ठळक अक्षरांत लिहिलेली चिठ्ठी, पुरेसा चारा आणि तळाला किमान पाच सेंटिमीटर जाडीचा पेंढा हेही लागते. नर आणि माद्या एकाच कप्प्यात नेता येत नाहीत.

होडीच्या प्रवासाकडे मात्र कोणी कायदा म्हणून पाहत नाही. चारही पाय एकत्र बांधून बोकड तळाशी आडवा टाकण्याची जुनी सवय सोडावी. विनाकारण यातना होतील अशा रीतीने जनावर नेणे हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियमाखाली गुन्हा आहे, शिवाय भरल्या पोटी तसा पडलेला बोकड फुगून वाटेतच दगावू शकतो. त्याला आदल्या रात्री हलका चारा द्यावा, गोणपाट व पेंढा पसरून होडीच्या मध्यभागी उभा ठेवावा, आखूड दाव्याने धरावा आणि ओळखीचा माणूस त्याच्या तोंडाशी बसवावा. प्रवासी होडीत जनावर चढवण्याआधी तांडेलाला, म्हणजे होडी चालवणाऱ्याला, विचारावे आणि परवान्याबद्दल शंका असल्यास बंदर कार्यालयात खात्री करून घ्यावी.

प्रमाणपत्र सर्वांत शेवटी घ्यावे, तेही भरतीची वेळ पाहून. प्रमाणपत्र त्या दिवशीच्या प्रकृतीपुरते असते. उधाण किंवा वाऱ्यामुळे होडी चार-पाच दिवस अडकली, तर पुन्हा तपासणी करून घेणे भाग पडते. मेअखेरीपासून ऑगस्टअखेरीपर्यंत वाहतूक बंद असण्याचा काळ असतो, त्यामुळे वैशाखात ठरलेला व्यवहार गणपतीनंतरच पुरा होईल, असे खरेदीदाराला आधीच स्पष्ट सांगावे आणि विसार घेतला असल्यास तसे पावतीवर लिहावे.

पावतीवर बिल्ला क्रमांक, वय, रंग, किंमत, तारीख आणि दोघांच्या सह्या असाव्यात. बोकड पोहोचल्यावर प्रणालीतील नोंद खरेदीदाराच्या नावावर झाली की नाही हे विकणाऱ्याने स्वतः विचारून घ्यावे, कारण ती होईपर्यंत कागदोपत्री मालक तोच राहतो. खरेदीदाराने नवा बोकड तीन ते चार आठवडे कळपापासून वेगळा बांधावा आणि ओटीपी आला तेव्हाचा मोबाइल क्रमांक पावतीच्या मागे लिहून ठेवावा.