उन्हातली नव्वद मिनिटं

पळताना आपले स्नायू जेवढी ऊर्जा वापरतात, तिच्यातला जेमतेम चौथा-पाचवा हिस्सा हालचालीच्या कामी येतो. बाकी सगळी ऊर्जा उष्णता होऊन शरीरातच साठते. फुटबॉलपटू एका सामन्यात दहा-अकरा किलोमीटर पळतो, आणि तेही एका लयीत नाही. मधेच जीव खाऊन धाव, लगेच थांबणं, वळणं, उडी. थंड हवेत ही उष्णता त्वचेतून आपोआप बाहेर पडते. हवा पस्तिशीला टेकली की तो मार्ग जवळजवळ बंद होतो आणि शरीराच्या हातात फक्त घाम उरतो.

एक लिटर घाम त्वचेवरून वाळताना सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जातो. पण तो वाळला तरच. हनुवटीवरून टपकून गवतात पडलेल्या थेंबाने शरीरातलं पाणी आणि मीठ नेलं, उष्णता मात्र तशीच मागे ठेवली. दमट हवेत घाम वाळत नाही, नुसता निथळतो. म्हणूनच ॲमेझॉनच्या जंगलातल्या मनाउसमध्ये ३० अंशांत खेळणं कोरड्या हवेतल्या ३८ अंशांपेक्षा जड जाऊ शकतं.

त्यामुळे सामन्याच्या ठिकाणी साधा तापमापक पुरत नाही. तिथे तिहेरी मोजणी होते. एका तापमापकाला ओली वात गुंडाळलेली असते, दुसरा काळ्या पोकळ गोळ्यात बसवलेला असतो, तिसरा सावलीतल्या हवेचं तापमान सांगतो. उघड्या मैदानावर या तिघांना अनुक्रमे ७०, २० आणि १० टक्के वजन देऊन एक आकडा काढतात. ओल्या वातीला एवढं वजन मिळतं, कारण घाम वाळेल की नाही हे तीच सांगते. फुटबॉलची जागतिक शिखर संस्था फिफाने बरीच वर्षं पाणी पिण्याच्या विश्रांतीसाठी या मोजणीवर ३२ अंशांची मर्यादा ठेवली होती. हे हवेचे ३२ अंश नव्हेत. हवा ३५ अंश, आर्द्रता पन्नास टक्के आणि डोक्यावर रणरणतं ऊन, असं सगळं जुळून आलं की काटा साधारण तिथे पोचतो. खेळाडूंची जागतिक संघटना फिफप्रो म्हणते, २६ अंशांनाच विश्रांती द्या आणि २८च्या पुढे सामना लांबणीवर टाका. मला फिफप्रोचं म्हणणं पटतं. पळणाऱ्या माणसाच्या शरीराचं आतलं तापमान ३९ अंशांच्या वर जायला ३२ची वाट पाहावी लागत नाही.

मग संघ काय करतात? बर्फाची जाकिटं, मानेवर गार टॉवेल, सामन्याआधी बर्फाचा चुरा घातलेलं पेय. यांचा उपयोग होतो. बर्फ वितळताना किलोमागे ३३४ किलोज्यूल उष्णता शोषतो, त्यामुळे पोटात गेलेला बर्फाचा चुरा नुसत्या गार पाण्यापेक्षा जास्त काम करतो. सरावाआधी आणि नंतर प्रत्येकाचं वजन करतात, म्हणजे कोणाचा किती घाम जातो ते कळतं. तासाला एक लिटर गमावणारा आणि अडीच लिटर गमावणारा एकाच संघात असू शकतात. दोघांना सारखंच पाणी पाजणं चूकच. गरजेपेक्षा जास्त पाणी प्यायलं तर रक्तातलं सोडियम उतरतं, आणि तो धोका तहानेपेक्षा लहान नाही. २०२५च्या क्लब विश्वचषकात अमेरिकेतल्या सिनसिनाटीत डॉर्टमुंड या जर्मन क्लबच्या बदली खेळाडूंनी पहिला अर्धा सामना बाकावर बसून नव्हे, तर ड्रेसिंग रूममध्ये पडद्यावर पाहिला. मैदानात उतरण्याआधीच अंगात उष्णता साठू नये, एवढाच त्यामागे हिशेब होता.

पण खरी तयारी रक्तात होते आणि तिला दिवस लागतात. उन्हात रोज तासभर घाम गाळणाऱ्या खेळाडूच्या रक्तातला द्रव पहिल्या चार-पाच दिवसांतच वाढतो. रक्ताचं आकारमान वाढल्याने हृदयाला एका ठोक्यात जास्त रक्त ढकलता येतं आणि त्याच धावेला नाडीचे ठोके कमी पडतात. स्नायूंना रक्त द्यायचं की त्वचा गार ठेवायला द्यायचं, ही ओढाताण सैल होते. त्यानंतर घामाच्या ग्रंथी बदलतात. घाम लवकर सुटतो, जास्त सुटतो आणि कमी खारट होतो, कारण ग्रंथी सोडियम परत शोषून घ्यायला शिकतात. हे सगळं पुरतं बसायला दहा ते चौदा दिवस लागतात. थंड प्रदेशात परतलं की दोन-तीन आठवड्यांत बराचसा फायदा ओसरतो. म्हणजे ही तयारी हिवाळ्यात करून साठवून ठेवता येत नाही.

तयारी कितीही असली तरी उन्हात खेळाची चाल बदलतेच. एका प्रयोगात अव्वल दर्जाच्या खेळाडूंना २१ अंशांत आणि ४३ अंशांत सामने खेळायला लावले. उन्हात एकूण धाव सुमारे सात टक्क्यांनी घटली, वेगवान धाव मात्र तब्बल सव्वीस टक्क्यांनी. गंमत म्हणजे अचूक पासांचं प्रमाण वाढलं. सगळेच कमी धावत असल्याने प्रतिस्पर्धी अंगावर उशिरा येतो, चेंडू ज्याच्याकडे आहे त्याला क्षणभर जास्त मिळतो. ज्यांचा खेळ सतत दबाव टाकण्यावर उभा आहे, त्या संघांना ऊन महागात पडतं. चेंडू शांतपणे फिरवणाऱ्यांना ते सोसतं. १९९४च्या विश्वचषकात अमेरिकेतल्या डॅलसच्या उन्हात जर्मनीने दक्षिण कोरियावर मध्यंतरापर्यंत ३-० आघाडी घेतली होती. सामना संपला तेव्हा ती ३-२ उरली होती आणि धाप जर्मनांनाच लागली होती. त्या स्पर्धेतले बरेच सामने भर दुपारी ठेवले होते, कारण युरोपात तेव्हा संध्याकाळ असते आणि लोक टीव्हीसमोर बसलेले असतात. खेळाडूंच्या जिवापेक्षा प्रक्षेपणाची वेळ मोठी ठरली, याचा मला आजही राग येतो.

पाण्याच्या विश्रांतीचं पुढे काय झालं ते २०१४च्या विश्वचषकात ब्राझीलमधल्या फोर्तालेझात दिसलं. बाद फेरीत नेदरलँड्स मेक्सिकोविरुद्ध ०-१ मागे. पंचाहत्तराव्या मिनिटाच्या सुमारास खेळ थांबला, प्रशिक्षक लुई व्हान हाल यांनी खेळाडूंना गोळा केलं, रचना बदलली आणि व्हान पर्सीच्या जागी हुंटेलार आला. ८८व्या मिनिटाला त्याने डोक्याने दिलेल्या चेंडूवर स्नायडरने बरोबरी साधली, भरपाईच्या वेळेत हुंटेलारनेच पेनल्टीवर विजयी गोल केला. तीन मिनिटांत शरीराच्या आतलं तापमान फारसं उतरत नाही. घशाला ओल मिळते, त्वचेला बरं वाटतं, आणि प्रशिक्षकाला बोलायची संधी मिळते. २०२६च्या विश्वचषकासाठी फिफाने हवा कशीही असो, प्रत्येक अर्ध्या सामन्यात साधारण बाविसाव्या मिनिटाला तीन मिनिटांची विश्रांती ठरवली. निर्णय चांगला आहे, पण हा उष्णतेवरचा इलाज नाही.

इलाज आहे तो सामन्याची वेळ आणि तयारीचे दिवस. कतारसाठी २०२२ची स्पर्धाच नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये नेली, म्हणजे वेळ बदलता येते हे सिद्ध झालेलं आहे. दिवसांचं काय? २०२६च्या वेळापत्रकात युरोपातल्या क्लबांच्या चॅम्पियन्स लीगची अंतिम लढत ३० मेला बुडापेस्टमध्ये आणि उत्तर अमेरिकेत विश्वचषकाची सुरुवात ११ जूनला. मधे बाराच दिवस, त्यातच विश्रांती, विमानप्रवास आणि झोपेचं बिघडलेलं घड्याळ. म्हणून संघांचे डॉक्टर आता घरच्याच मैदानावर सुरुवात करून घेतात. नेहमीचा सराव झाला की लगेच ४० अंशांच्या पाण्यात अर्धा-पाऊण तास बसायचं, सलग सहा दिवस. सरावाने आधीच तापलेलं शरीर त्या पाण्यात तापलेलंच राहतं. विमानात बसण्याआधीच घाम लवकर सुटू लागतो, आणि तिथे पोचल्यावर उरलेले दिवस प्रत्यक्ष उन्हासाठी वापरता येतात.