हिरव्या पानाला लाल काठ : वुयीच्या उलाँगमागचा इतिहास

चांगला चहा म्हणजे ‘दोन पाने आणि एक कळी’ हे आपल्याकडे इतके पक्के बसले आहे, की चीनच्या फुजियान प्रांतातल्या वुयी डोंगरातली तोडणी पाहिली तर मजूर भलताच पाला खुडत आहेत असे वाटेल. तिथे कोवळ्या कळीला कुणी हात लावत नाही. कळी उमलून तिचे पान होईपर्यंत थांबतात आणि मग तीन-चार जून पानांचा शेंडा खुडतात. एप्रिलच्या अखेरीस तोडणी सुरू होते आणि मेच्या मध्यावर बहुतेक उरकते. हिरवा आणि काळा यांच्या मधला जो उलाँग चहा, तो उत्तम प्रतीचा याच जाड, काहीशा राठ पानांपासून होतो. पुढे त्या पानांना जे सोसायचे असते, ते कोवळ्या पानाला झेपणारे नाही.

हे समजायला स्वयंपाकघरातले वांगे पुरेसे आहे. चिरलेली फोड पाण्यात टाकली नाही तर काळी पडते. सुरीने पेशी फाटतात, आत वेगवेगळ्या कप्प्यांत असलेली विकरे (एन्झाइम) आणि पॉलिफेनॉल नावाची तुरट द्रव्ये एकमेकांत मिसळतात, वर हवेतला ऑक्सिजन लागतो. चहाच्या पानातही हेच घडते. हिरवा चहा करणारे पान लवकर तापवून विकरे मारून टाकतात, म्हणून रंग हिरवा राहतो. काळा चहा करणारे विकरांना मोकळे रान देतात. आपल्या घरातला सीटीसी, म्हणजे दाणेदार चहा, हे त्याचे टोक : दातेरी रुळांतून पान असे भरडले जाते की धड पेशी शोधावी लागेल. उलाँग करणारा कारागीर पान फक्त कडेने दुखावतो आणि थांबतो.

तोडलेला पाला आधी उन्हात कोमेजू देतात. मग बांबूच्या पसरट परड्यांत घेऊन तो घोळवतात. आपल्याकडे सुपात धान्य पाखडताना मनगट जसे फिरते, तसाच काहीसा हात. पाने एकमेकांवर आपटतात, कडा चेचतात. मग परड्या मांडणीवर ठेवून पाल्याला विसावा. तासा-दीड तासाने पुन्हा घोळवणे, पुन्हा विसावा. हे रात्रभर चालते. विसाव्यात देठातले पाणी पानात पसरते आणि मलूल झालेला पाला पुन्हा ताठ होतो. पहाटेपर्यंत पानाची कड तांबूस होते, मधला भाग हिरवा राहतो. चिनी कारागिरांचा यासाठी शब्दप्रयोग आहे, ‘हिरव्या पानाला लाल काठ’. मराठीत हे वर्णन एखाद्या नऊवारीचे वाटेल!

आता सुगंधाचे. पान झाडावरून खुडले म्हणजे लगेच मेले असे नाही. परडीतही ते काही तास जिवंत असते, आणि पुन्हा पुन्हा बसणाऱ्या माराला ते वास सोडून उत्तर देते. नेरोलिडॉल, जास्मिन लॅक्टोन, इंडोल अशी द्रव्ये या टप्प्यात वाढतात. इंडोल तर मोगऱ्याच्या वासातही असते. अस्सल उलाँगमधला फुलांचा वास वरून घातलेला नसतो, तो असा येतो. काही ठिकाणी या चहाला ‘अर्धा आंबवलेला’ म्हणतात, ते मात्र दिशाभूल करणारे आहे. इडलीच्या पिठासारखे इथे जंतू काही करत नाहीत.

ही रीत कुठून आली? दंतकथा सोपी आहे. काळासावळा म्हणून ‘काळा ड्रॅगन’ असे नाव पडलेला एक शिकारी पाठीवरच्या टोपलीत चहाचा पाला घेऊन हरणामागे धावला, शिकारीच्या नादात पाला विसरला, आणि दुसऱ्या दिवशी पाहतो तो कडा लाल होऊन घमघमाट सुटलेला. ‘वूलोंग’ म्हणजे काळा ड्रॅगन, तेच आपले उलाँग. ही कथा दक्षिण फुजियानमधल्या आनशी भागाची. आनशीचे लोक शोधाचा मान आपल्याकडे घेतात, वुयीचे आपल्याकडे. लिखित पुरावा वुयीकडे झुकतो. पण मला या वादापेक्षा एक गोष्ट मोलाची वाटते : हा चहा राजदरबाराने घडवला नाही. दरबाराने पाठ फिरवल्यावर तो घडला.

सोंग राजवटीत दरबारी चहाचे केंद्र वुयीच्या दक्षिणेला जियानआनजवळच्या बेइयुआन बागांत होते. तिथे वाफवलेला चहा दाबून त्याच्या चकत्या करत आणि वर ड्रॅगन-फिनिक्सचे ठसे उमटवत. प्यायच्या वेळी चकतीची पूड करून ती पाण्यात घुसळायची. पुढे मंगोलांच्या युआन राजवटीने १३०२ मध्ये खुद्द वुयीत, नऊ वळणांच्या ओढ्याच्या चौथ्या वळणाशी, शाही चहाबाग उभारली. या बागेत एक विधी चाले. वसंतात, किडामुंगी जागी होते त्या पर्वाला, अधिकारी चौथऱ्यावर जमून पूजा करत आणि सगळे मिळून डोंगराकडे तोंड करून ओरडत, चहा, कोंब फोड! डोंगराने किती ऐकले ठाऊक नाही. शेतकऱ्यांना मात्र ऐकावेच लागे, कारण दरबाराचा ठरलेला वाटा त्यांच्याच अंगावर पडे.

मिंग घराण्याचा संस्थापक होंगवू गरीब शेतकऱ्याच्या घरात जन्मलेला. १३९१ मध्ये त्याने चकत्यांचा नजराणा बंद करून सुटा चहा पाठवण्याचा हुकूम काढला. कारण दिले रयतेच्या कष्टांचे. चकत्यांचे वैभव संपले आणि सुट्या पानाचा जमाना आला. वुयीची बागही पुढे खंगत गेली आणि सोळाव्या शतकाच्या मध्यावर ओस पडली. डोंगर उरला तो मठांतल्या भिक्षूंना आणि छोट्या बागायतदारांना. आता वरून ठरवून दिलेला साचा नव्हता, आणि चहा विकला तरच पोट भरणार होते. प्रयोग करायला याहून चांगली सक्ती कोणती?

सतराव्या शतकाच्या मध्यावर आनह्वी प्रांतातल्या सोंगलुओ डोंगराची पद्धत वुयीत आली. पाला वाफवायचा नाही, तापल्या कढईत परतायचा. पण वुयीतला चहा काही दिवसांत तांबूस-जांभळा पडतो, अशी तक्रार त्या काळच्या एका अधिकाऱ्याने लिहून ठेवली आहे. म्हणजे पान कढईत जाण्याआधीच कुठेतरी लाल होऊ लागले होते. दोषच होता तो. त्या दोषालाच वुयीकरांनी पुढे शिस्त लावली, असा माझा अंदाज. शतक संपता संपता शी चाओच्वान या भिक्षूने वुयीच्या चहावर कविता केली. तीत चहाला प्लमच्या फुलाचा आणि ऑर्किडचा सुगंध आहे, आणि निवांत मनाने, चपळ हाताने भाजण्याचे काम करणारे कारागीर आहेत.

पक्का पुरावा १७१७ चा. वांग त्साओतांग याच्या टिपणात सगळी रीत आहे : पाला परडीत पसरून ऊन-वारा द्यावा, हिरवेपणा थोडा उतरला की हलवावा, सुगंध सुटला की त्याच क्षणी कढईत टाकावा, आधी नाही आणि नंतरही नाही. इतर ठिकाणचे चहा नुसते परततात किंवा नुसते भाजतात. वुयीचा परततातही आणि भाजतातही, म्हणून पान अर्धे हिरवे, अर्धे लाल दिसते. ‘उलाँग’ हा शब्द त्यात नाही, पण वस्तू तीच. हे टिपण आज हाती आहे ते लू तिंगत्सान या लेखकामुळे. तो वुयीच्या तालुक्याचा दंडाधिकारी होता आणि १७३४ मध्ये त्याने आपल्या चहाविषयक ग्रंथात ते उतरवून घेतले.

तरी सगळ्यांना हा चहा रुचत नव्हता. कवी आणि खवय्या युआन मेई हांगझोऊचा, म्हणजे तिथल्या नाजूक हिरव्या चहावर वाढलेला. वुयीचा चहा त्याला काढ्यासारखा कडू वाटे. १७८६ मध्ये, सत्तरीत, तो वुयीला गेला. तिथल्या भिक्षूंनी त्याला अक्रोडाएवढ्या पेल्यांत चहा दिला. आधी वास घ्यायचा, मग घोटभर तोंडात घोळवायचा, मग गिळायचा. दोन पेल्यांनंतर त्याचे मत फिरले, आणि त्याने ते तसे लिहूनही ठेवले. त्याला पटला तो चहा की ती पद्धत, हे वेगळे काढता येणार नाही. उलाँगची छोटी किटली आणि छोटे पेले ही नजाकत म्हणून आलेली चाल नव्हे. थोड्या पाण्यात भरपूर पाला, उकळते पाणी आणि काही सेकंदांचे मुरणे, असे केले तरच हा चहा सात-आठ वेळा नवे काही देतो.

याच सुमारास वुयीचे नाव समुद्रापार गेले होते. दक्षिण फुजियानच्या बोलीत वुयीचा उच्चार ‘बुई’च्या जवळ जातो, इंग्रजांनी त्याचे ‘बोही’ केले. १६ डिसेंबर १७७३ च्या रात्री बॉस्टनच्या बंदरात फेकलेल्या ३४० पेट्यांपैकी २४० बोहीच्या होत्या. हा गडद, व्यापारी दर्जाचा माल. त्याला आजचे उत्तम उलाँग समजू नये. गंमत अशी, की डोंगराचे हे नाव इंग्रजी बाजारात घसरत घसरत सर्वांत हलक्या प्रतीचे नाव होऊन बसले. इंग्रजांचा ‘टी’ हा शब्दही त्याच दक्षिण फुजियान किनाऱ्याच्या ‘ते’वरून आला. आपला ‘चहा’ दुसऱ्या कुळातला; पोर्तुगीजांचा शब्दही त्याच कुळातला.

१७५७ पासून पाश्चात्त्यांना व्यापारासाठी कँटन (आजचे ग्वांगझोऊ) हे एकच बंदर खुले होते, त्यामुळे वुयीच्या पेट्या कित्येक आठवडे डोंगर आणि नद्या ओलांडत तिथवर जात. या चहाचे दाम चुकवायला मुंबईहून कापूस आणि माळव्याची अफू जाई. सर जमशेटजी जीजीभाई यांची संपत्ती याच चीन व्यापारातली, मुंबईच्या जे. जे. रुग्णालयामागचे दान शोधत गेले तर वाट कँटनच्या धक्क्यावर पोचते. अफूच्या युद्धानंतर १८४२ च्या तहाने फुजियानमधली फुझोऊ आणि शियामेन ही बंदरे उघडली. १८४९ मध्ये रॉबर्ट फॉर्च्युन हा स्कॉटिश वनस्पतितज्ज्ञ चिनी वेश करून वुयीत शिरला. उत्तम चहाची पेटी एकेक हमाल बांबूच्या दांड्यांना बांधून अशी नेई, की वाटेत विसावतानाही ती जमिनीला टेकत नसे, हे त्याने टिपले. त्याने मिळवलेली रोपे आणि बिया हिमालयातल्या बागांत पोचल्या. भारताने पुढे काळ्या चहाची वाट धरली आणि रात्रभराची ती घोळवणी तिकडेच राहिली.

वुयीच्या उलाँगचा दर्जा मात्र एका रात्रीवर ठरत नाही. जागा आणि आग यांचाही त्यात वाटा असतो. लाल वाळूखडकाचे उभे कडे, मध्ये अरुंद घळी, वरून ठिबकणारे पाणी, दिवसाचे मोजकेच ऊन. झिजलेल्या खडकात उगवलेला चहा सर्वांत चांगला, असे आठव्या शतकात चहावरचा पहिला ग्रंथ लिहिणाऱ्या लू यूने म्हटले होतेच. कड्यांच्या गाभ्यातला चहा ‘सच्च्या खडकाचा’, कडेचा ‘अर्ध्या खडकाचा’ आणि नदीकाठच्या सपाटीवरचा सर्वांत खालचा, अशी जुनी उतरंड आहे. गाभ्यातही काही घळींचा तोरा वेगळा. निउलान म्हणजे ‘गोठा’ नावाच्या घळीतल्या रौग्वी, म्हणजे दालचिनी, जातीच्या चहाला बाजारात लाडाने ‘निउरौ’ म्हणतात. चिनीत त्याचा अर्थ गोमांस, आणि भाव ऐकला की विनोद आपोआप विरतो.

आग म्हणजे कोळशाची धग. निखारे राखेखाली दडपतात, वर बांबूच्या उभ्या पिंपात चहा. राखेचा थर कमी-जास्त करून उष्णता सांभाळायची. भाजणे एकदाच होत नाही; मध्ये आठवडे जाऊ देऊन पुन्हा भाजतात. मेमध्ये तोडलेला चहा पूर्ण भाजून, त्यातली ‘आग’ निवून प्यायला येईतो बहुधा शरद ऋतू उजाडतो. घाईने करपवलेला चहा पहिल्या घोटात दणदणीत लागतो, तिसऱ्या पाण्यात नुसता कोळसा उरतो. हलका माल झाकायला कडक भाजणी ही जुनी युक्ती आहे. ओळखायचे तर भिजून उलगडलेला पाला पाहावा. चांगल्या पानावर भाजणीचे बेडकाच्या पाठीसारखे फोड असतात, आणि तरी ते पुरते उलगडते. करपलेले पान आखडलेले, काळेच राहते.

या साऱ्यातून वुयीकर ज्याला ‘खडकाची लय’ म्हणतात ती येते : सुगंध फुलांचा, पण घशात रेंगाळणारी चव खनिजासारखी. आनशीचे त्येग्वानयिन, ग्वांगदोंगमधल्या फिनिक्स डोंगराचे दानत्सोंग आणि तैवानचे उलाँग ही याच घराण्यातली मंडळी. प्रत्येकाचा स्वभाव निराळा आणि त्यांच्यावर स्वतंत्रच लिहायला हवे.

वुयीतले सर्वांत मोठे नाव दा होंग पाओ, म्हणजे ‘मोठा तांबडा झगा’. या चहाने बरा झालेल्या एका विद्वानाने आपला मानाचा झगा झुडपावर पांघरला, अशी कथा. मूळची म्हणून मानलेली सहा झुडपे जिउलोंगखच्या कड्यात, दगडी बांध घातलेल्या ओट्यावर आहेत. २००२ मध्ये त्यांचा २० ग्रॅम चहा १,८०,००० युआनला गेला. २००५ मध्ये त्यांची शेवटची तोडणी झाली, २००६ पासून बंदी आली, आणि त्या अखेरच्या चहापैकी २० ग्रॅम बीजिंगच्या राष्ट्रीय संग्रहालयात ठेवला गेला. वुयीचे हस्तकौशल्य २००६ मध्ये चीनच्या राष्ट्रीय अमूर्त वारशाच्या पहिल्या यादीत आले. २०२२ मध्ये चिनी चहाच्या पारंपरिक पद्धतींना युनेस्कोनेही मान्यता दिली. आज दुकानात मिळणारा दा होंग पाओ या झुडपांच्या कलमांपासून वाढवलेल्या बागांचा असतो, किंवा बहुतेक वेळा वुयीतल्या अनेक जातींचे मिश्रण असते. त्यात फसवणूक नाही; चांगले मिश्रण साधणे हीही कारागिरीच. मात्र यंदाचा ताजा माल ‘मूळ झुडपांचा’ म्हणून कुणी समोर ठेवला, तर भाव विचारण्याचे कारण नाही. ती सहा झुडपे अजून त्या कड्यावर आहेत, दर वसंतात त्यांना पालवी फुटते, आणि तोडायला कुणी जात नाही.